दुपारी २५७, रात्री २०४ : सोलरवाल्या गल्लीचं व्होल्टेज सांभाळायचं कोणी?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी.

इंदूरच्या आमच्या गल्लीत सोलर भराभर लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळायला लागलं आणि एकाचं बघून दुसऱ्याने असं करत एका डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) सोलरची नऊ घरं झाली. सगळ्यांचे ३ किलोवॉटचे, सिंगल फेजचे. आनंदच होता.

आता अडचण अशी की ऊन चांगलं असलं आणि लोक कामावर गेलेले असले की दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान माझा सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून जाळ्यात सोडणारा) बंद पडतो. पडद्यावर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' येतं. मी स्वतः मोजलं, २५७ व्होल्ट. काही मिनिटांनी तो पुन्हा चालू होतो, पुन्हा पडतो. म्हणजे ऐन उन्हात वीज बनायची थांबते. आणि त्याच गल्लीत रात्री नऊला, सगळ्यांचे एसी सुरू झाले की, व्होल्टेज २०४ वर येतं आणि शेवटच्या घरातला फ्रिज गुरगुरत राहतो, सुरू होत नाही.

घरोघरी स्मार्ट मीटर लागून झालेत. स्मार्ट ग्रिड म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणारी यंत्रणा असं आपण वाचतो. मग दुपारची जास्तीची वीज आणि रात्रीचा तुटवडा, हा मेळ आमच्या दीडशे मीटरच्या गल्लीत का बसत नाही? झोनवर, म्हणजे वीज कंपनीच्या इथल्या कार्यालयात, दोनदा सांगून झालं. "सोलरवाल्याला बोलवा" म्हणाले. सोलरवाला म्हणतो वीज कंपनीकडे जा.

माझं मत आधीच सांगतो : स्मार्ट मीटर फक्त बिलासाठी वापरायचा असेल तर तो अर्धाच वापर झाला. कुणाला असा अनुभव आहे का? उपाय काय?

पोहे_जलेबी

आमच्याकडे विजयनगरला अगदी हेच. सोलरवाल्याने इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून दिली, आता त्रास नाही.

तार_जोडणी

@पोहे_जलेबी, कृपा करून ती मर्यादा परत जागेवर आणा. छतावरच्या सोलरसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे तांत्रिक नियम आहेत. व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर, म्हणजे २३० धरले तर २५३ व्होल्टच्या वर गेलं की इन्व्हर्टरने २ सेकंदांत जाळ्यापासून वेगळं व्हायचं. सुदामानगरकरांचा इन्व्हर्टर बिघडलेला नाही, तो आपलं काम चोख करतोय. मर्यादा वाढवली की तुमचा इन्व्हर्टर बंद पडायचा थांबतो, पण शेजाऱ्याच्या टीव्हीला, एलईडी दिव्यांना, फ्रिजच्या कार्डाला ते २६० व्होल्ट सोसावे लागतात.

आता मूळ प्रश्न. मी वितरणाच्या कामात बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डीपीतून तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा, त्यांना आर, वाय, बी म्हणतात) आणि एक न्यूट्रल (परतीची तार) निघतात. खांबावरून घरात सिंगल फेज कनेक्शन देताना लाइनमनला जी तार हाताला सोपी, ती जोडली जाते. सगळी घरं वीज फक्त घेत होती तोवर कमीजास्त झालं तरी निभावत होतं. सोलर आलं की घर दुपारी वीज ढकलायला लागतं. ३ किलोवॉट म्हणजे एका घराचे साधारण १३ अँपिअर. नऊ घरं एकाच फेजवर असली तर घरातला वापर वजा जाऊनही त्या एका तारेत मोठा प्रवाह उलटा, डीपीकडे वाहतो. तारेला रोध आहे, त्यामुळे प्रवाह ढकलायला घराकडचं व्होल्टेज डीपीपेक्षा वर जावं लागतं. गल्लीच्या टोकाला ते सगळ्यात जास्त.

म्हणून पहिला प्रश्न : ती नऊ घरं कोणत्या फेजवर आहेत? माझा अंदाज, बहुतेक एकाच.

सुदामानगरकर

तार_जोडणी साहेब, मनापासून आभार. घरं कोणत्या फेजवर आहेत ते कुणालाच माहीत नाही, झोनमध्येही नाही. नोंद नाही म्हणाले.

तार_जोडणी

नोंद आहे, फक्त कुणी वाचत नाही. तुमच्या स्मार्ट मीटरमध्ये.

भारतात सिंगल फेज स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ हे मानक आहे. हे मीटर ठरावीक अंतराने, १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्यांत, युनिटांबरोबर व्होल्टेजही नोंदवून वर पाठवतात. एकाच फेजवरच्या सगळ्या घरांचं व्होल्टेज एकाच वेळी चढतं, एकाच वेळी उतरतं. एका दिवसाचे आलेख एकमेकांवर ठेवले की घरांचे तीन गट आपोआप वेगळे दिसतात. खांबावर चढायचीही गरज नाही. गल्लीपुरतं हे काम एका माणसाचं, एका दुपारचं आहे.

स्मार्ट ग्रिड म्हणून काय काय दाखवलं जातं, पण मला विचाराल तर पहिलं काम हे. आणि ते होत नाही याचं वाईट वाटतं, कारण पैसे खर्च होऊन गेलेत. वीज वितरण सुधारायची केंद्राची आरडीएसएस योजना जुलै २०२१ मध्ये आली, देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट ठेवून. त्या योजनेत फक्त घरांचे नाहीत, डीपीचे आणि फीडरचे (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनचे) मीटरही आहेत. डीपीचा मीटर आणि घरांचे मीटर एकत्र वाचले तर वीज कुठे गळते, कोणता फेज दबलाय, कोणता ट्रान्सफॉर्मर जळायच्या बेतात आहे, हे सगळं आधी कळतं.

मनमौजी

एवढं कळत असेल तर मीटर आमच्यावर पाळत ठेवतो असंच झालं ना? कधी झोपतो, कधी गावाला जातो, सगळं. मी विरोधात आहे. आणि लांबून कनेक्शन कापायची सोय कुणाच्या फायद्याची?

जुना_पलासिया

मनमौजीभाऊ, तुमची शंका रास्त आहे. पण मी इंदुरात २००२-०३ चे दिवस काढलेत. तासन्‌तास वीज नसायची. कधी येणार ते सांगणारं कुणी नव्हतं. त्या काळी 'बिजली, सडक, पानी' यावर अख्खी निवडणूक लढली गेली, २००३ ची. तेव्हा वीज मंडळाकडे आकडेच नव्हते, अंदाजाने फीडर बंद करायचे. मला तरी आकडे असलेले बरे वाटतात. ते कुणाला दाखवायचे यावर मात्र बंधन हवं.

रांगोळी

मनमौजींशी अर्धी सहमत. माझं म्हणणं उलट बाजूने आहे : माझ्या घरातली आकडेवारी आधी मला दिसू दे. अ‍ॅपवर मला माझी युनिटं दिसतात, व्होल्टेज का दिसत नाही? ते दिसलं असतं तर सुदामानगरकरांना मल्टिमीटर घेऊन बसायची वेळ आली नसती.

लष्करवाला_ग्वाल्हेर

विषय गल्लीचा आहे, तरी आमच्या ग्वाल्हेरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

३० जुलै २०१२, पहाटे २ वाजून ३३ मिनिटं. बीना–ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइन ट्रिप झाली. तारेत बिघाड काही नव्हता. जोडीचं सर्किट ७६५ केव्हीच्या कामासाठी बंद होतं, उत्तरेकडे वीज प्रचंड ओढली जात होती, आणि उरलेल्या लाइनवर भार इतका चढला की तिच्या संरक्षणाच्या रिलेला तो फॉल्टच वाटला. ती सुटली, पश्चिम आणि उत्तर यांचा इथला दुवा तुटला, वीज पूर्वेकडून वळसा घालून जायला बघू लागली आणि उत्तरेचं जाळं कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तेच, या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्यही. ६० कोटींच्या वर लोक अंधारात. पश्चिमेचं जाळं तगलं, म्हणून इंदूरकरांना फारसं जाणवलं नाही.

चौकशी समितीने नंतर जे सुचवलं त्यात एक होतं : देशभर अशी उपकरणं बसवा जी सेकंदाला अनेक वेळा, उपग्रहाच्या वेळेशी जुळवून, व्होल्टेज आणि त्याचा कोन मोजतील. ती आता बसली आहेत. म्हणजे मोठ्या जाळ्याने धडा घेतला. गल्लीतल्या जाळ्याकडे मात्र अजून कुणी पाहत नाही, हे सुदामानगरकरांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

पोहे_जलेबी

बापरे, हे ग्वाल्हेरपासून सुरू झालं होतं हे आज कळलं! आणि हो, इन्व्हर्टरची मर्यादा परत पहिल्यासारखी करायला सांगितली आहे.

चिंटूचीआई

एक साधा प्रश्न. मुलाने विचारला, मला उत्तर देता आलं नाही. दुपारची जास्तीची वीज साठवून का नाही ठेवत?

तार_जोडणी

ताई, मुलाला सांगा की प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. जाळ्यात वीज साठत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली, त्याच क्षणी तेवढी बनवावी लागते. मेळ बसला की फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्‌झवर राहते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायची असते. मागणी वाढली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते.

५ एप्रिल २०२० आठवतो का? रात्री ९ वाजता ९ मिनिटं देशाने दिवे मालवले. मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि परत चढली. ते सांभाळलं मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी, कारण पाण्याचं टर्बाइन मिनिटांत कमीजास्त करता येतं. कोळशाचं नाही येत. आपल्या नर्मदेवर इंदिरासागर १००० मेगावॉटचं आणि ओंकारेश्वर ५२० मेगावॉटचं आहे, अशा वेळी त्यांचा मोठा आधार. साठवायचं म्हणाल तर पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प येताहेत, गांधीसागरला एक मोठा होतो आहे. दुपारच्या सोलरने पाणी वर न्यायचं, रात्री खाली सोडून वीज घ्यायची. बॅटऱ्याही आहेतच, पण गल्लीला पुरेल एवढी बॅटरी अजून महाग पडते.

नर्मदाकाठ

नर्मदेवरून आठवलं. इंदूरला पाणी जलूदहून येतं, ७० किलोमीटर लांबून आणि वर चढवून. त्या पंपांचं वीजबिल महापालिकेला जड जातं, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे काढले, जलूदजवळ ६० मेगावॉटच्या सोलर प्रकल्पासाठी. एका शहराच्या पालिकेने सामान्य लोकांकडून असे पैसे उभे केले याचा मला अभिमान आहे. पंप ही अशी गोष्ट आहे की टाक्या मोठ्या असतील तर दुपारी जास्त चालवता येतात. वीज नाही साठवली, पाणी साठवलं.

देवासची_शेती

शहरातल्या मंडळींचं वाचतोय. शेताकडचंही सांगतो.

बहुतेकांना वाटतं विजेची सगळ्यात जास्त मागणी मे महिन्यात असते. मध्यप्रदेशात तसं नाही. इथे कळस येतो डिसेंबर-जानेवारीत, गव्हाला पाणी देताना. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याची मागणी १८ हजार मेगावॉटच्या वर गेली होती. त्या वेळी शहरात एकही एसी चालू नसतो, सगळे पंप असतात. शेतीला १० तास वीज मिळते, फीडर वेगळे केलेत, गटागटाने पाळी येते. ज्याची पाळी रात्रीची, त्याने पौषाच्या थंडीत अर्ध्या रात्री वाफ्यात उभं राहायचं. माझ्या वडिलांनी जन्मभर हे केलं, साप-विंचवाची भीती घेऊन.

कुसुम योजनेत शेतीचा फीडरच सोलरवर न्यायचा, उपकेंद्राजवळ पॅनेल लावून, हे मला सगळ्या स्मार्ट गोष्टींत जास्त मोलाचं वाटतं. ऊन असतं तेव्हा पंप चालतो, दूरवरून वीज आणायला लागत नाही आणि शेतकरी रात्री घरी झोपतो. तुमच्या गल्लीत वीज दुपारी जास्त होते म्हणता, आम्हाला ती दुपारीच हवी आहे!

रांगोळी

देवासभाऊ, हे वाचून गलबलून आलं. वडिलांना नमस्कार सांगा.

मकरपुरा

वडोदऱ्याहून. गुजरातेत छतावरचं सोलर आधीपासून खूप, त्यामुळे हे दुखणं आम्ही आधी पाहिलं. काही मुद्दे :

डीपीच्या ट्रान्सफॉर्मरला टॅप असतात, अडीच-अडीच टक्क्यांच्या पायऱ्या. टॅप खाली घेतला की दुपारचं व्होल्टेज उतरतं. पण तो वीज बंद करून बदलावा लागतो, आणि दुपारसाठी उतरवला तर रात्री २०४ चे १९८ होतील. तेव्हा सुदामानगरकर, कुणी "टॅप बदलून देतो" म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. चालू भारावर आपोआप टॅप बदलणारे ट्रान्सफॉर्मर उपकेंद्रात असतात. गल्लीच्या डीपीसाठीही तसे बनतात, पण किंमत वाढते म्हणून क्वचित बसवतात.

दुसरं, आताच्या इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज चढलं की रिअ‍ॅक्टिव पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) ओढून ते थोडं खाली खेचायची सोय असते. बहुतेक ठिकाणी बंदच ठेवलेली असते.

तार_जोडणी

मकरपुरा यांच्या टॅपच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. रिअ‍ॅक्टिवबद्दल एक भर : उच्चदाबाच्या लाइनवर त्याचा परिणाम चांगला होतो. गल्लीतल्या बारीक केबलमध्ये रोधच जास्त असतो, त्यामुळे चार-पाच व्होल्ट उतरले तरी खूप. त्यापेक्षा व्होल्टेज चढत जाईल तशी निर्मिती हळूहळू कमी करणारी सेटिंग बरी. पूर्ण बंद पडण्यापेक्षा १०-२० टक्के गेलेले परवडतात. पण आधी फेजचं बघा.

मनमौजी

म्हणजे सोलरवाल्यांचं नुकसान टाळायला आम्ही साधे ग्राहक काय करायचं? आमच्याकडे पॅनेल नाहीत.

रांगोळी

मनमौजीभाऊ, तुम्हीच तर औषध आहात! मध्यप्रदेशात स्मार्ट मीटर असलेल्या, १० किलोवॉटपर्यंत मंजूर भाराच्या ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर २० टक्के सूट आहे. मी वॉशिंग मशीन, घरघंटी आणि वरच्या टाकीची मोटर दुपारी लावते. स्कूटर रविवारी दुपारी चार्ज करते. नर्मदेचं पाणी सकाळी खालच्या टाकीत येतं, ते वर चढवायची घाई कुणाला असते? शेजारच्या छतावरची वीज माझ्या घरात वापरली गेली की ती डीपीपर्यंत जातच नाही, व्होल्टेजही चढत नाही आणि बिल माझं उतरतं.

मनमौजी

२० टक्के? हे मला कुणी सांगितलंच नाही. बिलात बघतो.

मनमौजी

बघितलं. आहे. वेगळ्या ओळीत लिहिलंय. पाळतीबद्दलचं मत तेच, पण आजपासून घरघंटी दुपारी.

सुदामानगरकर

मंडळी, इकडची खबर.

तुमच्या सगळ्यांच्या मुद्द्यांचा एक अर्ज केला. गल्लीतल्या नऊ सोलरवाल्यांच्या आणि सोलर नसलेल्या बाकीच्या घरांच्याही सह्या घेतल्या. मोजलेली व्होल्टेजं वेळेसकट लिहिली. या वेळी झोनच्या तरुण इंजिनिअरताईंनी नीट वाचला आणि भर दुपारी लाइनमनला घेऊन स्वतः आल्या.

लाइनमनने डीपीवर टाँगटेस्टर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचा चिमटा) लावला. आर फेज ७० अँपिअर, वाय २५, बी ३०. तो म्हणाला, "आर पर लोड ज्यादा है।" ताई म्हणाल्या, लोड जास्त असता तर व्होल्टेज कमी दिसलं असतं, इथे आरचंच सगळ्यात जास्त आहे. मग टाँगटेस्टर न्यूट्रलवर लावला. ९७! तिन्ही फेजपेक्षा जास्त. लाइनमनने दोनदा लावून बघितला.

तार_जोडणी

वा! हे आकडे जपून ठेवा. साधा टाँगटेस्टर प्रवाह किती ते सांगतो, कुठल्या दिशेने ते सांगत नाही. आरचे ७० डीपीकडे येत होते, वाय आणि बीचे डीपीतून जात होते. तिन्ही फेज वीज घेतात तेव्हा न्यूट्रलमध्ये ती एकमेकांना बरीचशी छाटतात. एक फेज उलटा वाहू लागला की छाटायच्या ऐवजी बेरीज होते. म्हणून ९७. असा न्यूट्रल तापतो, सांधे सैल होतात, आणि तो तुटला तर घरात ३५०-४०० व्होल्टही जाऊ शकतात. एका वस्तीत तुटलेल्या न्यूट्रलने रांगेने टीव्ही जळालेले मी पाहिलेत. ताईंनी न्यूट्रल बघितला हे फार चांगलं केलं, त्यांना माझा नमस्कार कळवा.

चिंटूचीआई

मग पुढे काय झालं?

सुदामानगरकर

नऊच्या नऊ घरं आरवर निघाली. त्यातली तीन वायवर आणि तीन बीवर घेतली. खांबावरचं काम, सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत संपलं, सामान काही लागलं नाही. आता दुपारी माझ्याकडे २४४ ते २४७ असतं. इन्व्हर्टर पडलेला नाही.

रात्रीचं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. २०४ चे २११ झालेत.

तार_जोडणी

रात्रीचं फेज बदलून जेवढं सुटायचं तेवढं सुटलं. उरलेलं केबलच्या जाडीचं आणि डीपीच्या अंतराचं आहे. ताईंना सांगून डीपीच्या मीटरचा रात्री ८ ते ११ चा महिनाभराचा भार काढून घ्या. ट्रान्सफॉर्मर क्षमतेच्या ८० टक्क्यांवर चालत असेल तर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नवीन डीपी मागायला तुमच्याकडे कारण आहे. आणि गल्लीत नवी चारचाकी इव्ही कुणी घेतली तर चार्जर लावण्याआधी फेज विचारा. ७ किलोवॉटचा चार्जर म्हणजे एका फेजवर ३० अँपिअर, केलेली सगळी जुळवणी एका रात्रीत मोडेल.

जुना_पलासिया

सुदामानगरकर, सोलर नसलेल्यांच्याही सह्या घेतल्यात हे मला सगळ्यात आवडलं. आमच्या सोसायटीत सोलरवाले एकीकडे आणि बाकीचे एकीकडे असं झालंय. तुमचा अर्ज इथे टाकाल का?

पोहे_जलेबी

मलाही हवा आहे. आमच्या डीपीवर अकरा सोलर आहेत.

सुदामानगरकर

नावं काढून टाकतो. मुख्य मागण्या अशा होत्या :

"आमच्या डीपीवरील सर्व घरे कोणत्या फेजवर आहेत याची नोंद स्मार्ट मीटरच्या व्होल्टेजवरून करून आम्हास द्यावी. दुपारी १२ ते २ आणि रात्री ८ ते १० या दोन्ही वेळी तिन्ही फेज व न्यूट्रल यांचा प्रवाह आमच्या समक्ष मोजावा. सोलर घरे तिन्ही फेजवर सारखी विभागावीत. यापुढे नवे सोलर किंवा इव्ही चार्जर मंजूर करताना फेजचा उल्लेख मंजुरीपत्रात असावा."

झोनवर अर्थात हिंदीत दिला. शेवटच्या मागणीवर अजून उत्तर आलेलं नाही, पुढच्या सोमवारी परत जाणार आहे.

पोहे_जलेबी

आमच्याकडे न्यूट्रल मोजायला सांगतो. रविवारी दुपारी बोलवू की कामाच्या दिवशी?

तार_जोडणी

कामाच्या दिवशी, बारानंतर, आभाळ मोकळं असताना. घरं रिकामी असतात, खरा आकडा तेव्हाच दिसतो. आणि सकाळी एकदा, सोलर सुरू व्हायच्या आधी, तेच चार आकडे घेऊन ठेवा.